परीक्षेवाचून पदवी : श्रीनिवास रामानुजन

श्रीनिवास रामानुजन यांचे नाव महाविद्यालयीन परीक्षांच्या निकालात शोधू गेल्यास ते अनुत्तीर्णांत सापडते. २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे जन्मलेल्या व कुंभकोणमला वाढलेल्या या मुलाच्या हाती १९०३ साली, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मित्राने आणून दिलेला, कार यांचा गणितावरील ग्रंथ पडला. परीक्षार्थींसाठी रचलेली ती हजारो सिद्धान्तांची जंत्रीच. सिद्धता बहुतांशी गाळलेल्या. त्या स्वतः शोधण्याच्या नादात इतर विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली आणि पुढे मद्रासला जाऊनही एफ.ए.ची परीक्षा पदरात पडली नाही. ग्रंथालयातील पुस्तकाने आयुष्याचे सोने झाले असे आपण कौतुकाने सांगतो. याच पुस्तकाने पदवीची रूढ वाट बंद केली, हेही नमूद करावयास हवे.

उरली वाट प्रकाशित लेखनाची. १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात बर्नूली संख्यांविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. (या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते.) त्यांची मांडणी इतकी त्रोटक असे, की संपादकांना हस्तलिखित दुरुस्तीसाठी पुनःपुन्हा परत धाडावे लागे. १ मार्च १९१२ पासून मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये त्यांना दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तेथील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार. रात्री दोघे पाट्या घेऊन गणिते सोडवीत बसत. हाताखालच्या कारकुनाशी असे बसणारा वरिष्ठ आजही विरळाच!

जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना आपली सूत्रे पत्राने कळविली. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने या पदवीहीन कारकुनास दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली, आणि एप्रिल १९१४ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले. ट्रिनिटी महाविद्यालयात संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश देताना आवश्यक प्रमाणपत्राची अट त्यांच्यापुरती शिथिल करण्यात आली. केंब्रिजमध्ये तेव्हा पीएच.डी. नव्हती; संशोधनासाठी बी.ए. हीच पदवी मिळे. आपल्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांचा विचार त्यांनी मांडला. १२ ला ६ विभाजक, २४ ला ८. अशा संख्यांवरील त्यांचा प्रदीर्घ निबंध १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने छापला. याच कार्यासाठी मार्च १९१६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. पुढे पीएच.डी. सुरू झाल्यावर ही पदवी तिच्याच तोलाची गणली गेली. ज्यास एफ.ए. साधली नाही, त्याला ती एकही लेखी परीक्षा न देता लाभली!

१९१८ साली ते रॉयल सोसायटीचे व ट्रिनिटीचे फेलो झाले. पण प्रकृती पार ढासळली होती. मार्च १९१९ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले, ते आजारीच. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षी अंथरुणावर पडून लिहिलेल्या सूत्रांचे कागद पुढे इंग्लंडला गेले आणि विस्मृतीत पडून राहिले. १९७६ साली अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना ते सापडले, तेही ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच.