वेलोसिओ : घाट चढणारा संपादक

गिअरची सायकल आज आपल्या हॉस्टेलच्या स्टँडवरही दिसते. अंगठ्याने एक खटका दाबला की चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जाते आणि चढ हलका होतो. (दर वेळी जातेच असं नाही, मध्येच अडकते किंवा सरळ खाली पडते. त्याबद्दल पुढे बोलूच!) पण हा खटका सर्वांना मान्य व्हावा म्हणून एका माणसाने सुमारे चाळीस वर्षे भांडण केले, आणि तेही तोंडापेक्षा पायांनी जास्त, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या माणसाचं नाव पॉल द विवी. सायकलवाल्यांच्या जगात ते वेलोसिओ या टोपणनावाने ओळखले जातात.

वेलोसिओ यांचा जन्म 29 एप्रिल 1853 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावी झाला. ते काही इंजिनिअर नव्हते. सेंट एतिएन या शहरात त्यांचा रेशमाचा व्यापार होता. रेशमी फिती, कोळशाच्या खाणी आणि बंदुकांचे कारखाने यांसाठी हे शहर प्रसिद्ध होतं. जिथे बंदुकीच्या नळ्या बनतात तिथे सायकलच्या नळ्या बनायला काय वेळ लागणार? पुढे हेच शहर फ्रान्सच्या सायकल उद्योगाचं मोठं केंद्र झालं.

1881 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वेलोसिओ यांनी पहिली सायकल घेतली. पुढचं चाक प्रचंड, मागचं एवढंसं, अशी ती जुन्या पद्धतीची उंच सायकल. त्यात ना चेन, ना गिअर. पायडल थेट पुढच्या चाकाला. एकदा ते त्या सायकलवर बसले आणि रेशमावरचं लक्ष उडालं ते उडालंच! 1887 मध्ये त्यांनी चालता धंदा सोडून दिला, सायकलचं दुकान काढलं आणि त्याच वर्षी सायकलवर एक मासिकही सुरू केलं. हे मासिक पुढे 'ल सिक्लिस्त' म्हणून नावाजलं. घरच्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. चांगली प्लेसमेंट सोडून कोणी सायकलचं दुकान टाकतो म्हटलं तर आपल्याकडे काय होईल?

1889 मध्ये त्यांनी 'ला गोलवाज' नावाची स्वतःची सायकल तयार केली. तिला चेन होती, पण गिअर एकच. त्या काळातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सेंट एतिएनच्या बाहेर कोल द ला रेपुब्लिक नावाचा 1161 मीटर उंचीचा घाट आहे. वेलोसिओ घामाघूम होऊन तो चढत होते, तेवढ्यात त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाइप धरून आरामात त्यांच्या पुढे निघून गेला. दुसरा कोणी असता तर चिडला असता. वेलोसिओ विचारात पडले. जास्त वेग हवा तर मोठा गिअर लावावा लागेल. पण मोठा गिअर लावला तर चढच चढता येणार नाही. म्हणजे एकाच सायकलवर दोन्ही हवेत!

यामागचं गणित आपण सहज करू शकतो. समजा पुढच्या चक्राला 44 दात, मागच्याला 16 आणि चाकाचा व्यास 700 मिलीमीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 6 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग झाला ताशी जवळजवळ 22 किलोमीटर. सपाटीवर हे छानच. आता सायकलसकट 80 किलोचा माणूस 7 टक्के चढावर याच वेगाने न्यायचा, तर नुसतं गुरुत्वाकर्षणाशी भांडायला 330 वॅटच्या आसपास शक्ती लागते. तेवढी शक्ती बराच वेळ देणं आपल्यासारख्यांचं काम नाही. मग पायांचे फेरे कमी होत जातात, गुडघे भरून येतात आणि शेवटी उतरून ढकलावं लागतं. त्याऐवजी पुढे 30 आणि मागे 25 दात असतील तर एका फेऱ्यात फक्त 2.6 मीटर अंतर कापलं जाईल, पण 60 फेऱ्यांना 145 वॅट पुरतील. वेग ताशी साडेनऊ किलोमीटर. हळू, पण न थांबता. पायांचा ताल तोच ठेवायचा आणि बदल चक्रांनी सोसायचा, एवढंच गिअरचं तत्त्व आहे.

तत्त्व सोपं, पण चेन नाठाळ! वेलोसिओ यांनी आधी पुढे दोन चक्रं बसवली. घाट आला की उतरायचं, हात काळे करून चेन उचलायची आणि लहान चक्रावर टाकायची. पण मोठ्या चक्राला पुरेल एवढी चेन लहान चक्रावर सैल पडते. सैल चेन लोंबते आणि खड्ड्यात गचका बसला की उतरते. शिवाय दोन चक्रं एका रेषेत नसल्यामुळे चेन तिरकी चालते, घासते, लवकर झिजते. म्हणजे चेनला बाजूला ढकलणारा एक भाग हवा आणि तिची सैल ओढून घेणारा दुसरा. आजच्या डिरेलरला दोन छोटी चाकं असतात ती याचसाठी. वरचं चाक चेनला वाट दाखवतं, खालचं तिला ताणून धरतं. ही रचना एका दिवसात कोणा एकाच्या डोक्यातून निघाली नाही. अनेकांनी अनेक प्रकार केले. वेलोसिओ यांनी ते रस्त्यावर आणले, स्वतः चालवून पाहिले, त्यांतले दोष आपल्या मासिकात छापले आणि इतरांना सुधारायला लावले. त्यांच्याच शहरात झोआनी पानेल यांनी 'शेमिनो' हा डिरेलर पहिल्या महायुद्धाच्या आधी काढला, तर 1920 च्या दशकात आल्बेर रेमों यांचा 'सिक्लो' आला.

विरोधही जोरदार झाला. गिअरने वजन वाढतं, घर्षण वाढतं, चेन पडते, हे आक्षेप काही खोटे नव्हते. पण खरा आक्षेप वेगळाच होता. गिअर म्हणजे कमजोर माणसाची काठी, असं शर्यतवाल्यांना वाटे. 1902 मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने तुर्माले या अवघड घाटातून सायकलींची चाचणी घेतली. तीत मार्थ एस ही तरुणी तीन गिअरची गोलवाज घेऊन उतरली आणि पाय जमिनीला न लावता तिने तो मार्ग पूर्ण केल्याचं सांगितलं जातं. एवढं झाल्यावर तरी वाद मिटायला हवा होता. पण 'लोतो' या क्रीडापत्राचे संपादक आंरी देग्रांज यांचं मत काही बदललं नाही. गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक, तरुणांनी स्नायूंच्या जोरावरच जिंकावं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, याच देग्रांज यांनी टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली. गंमत म्हणजे पहिल्याच वर्षी ती वेलोसिओ यांच्या लाडक्या कोल द ला रेपुब्लिकवरून गेली, पण डिरेलरशिवाय! पुढे कित्येक वर्षे स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं असत) आणि मग चढायचे.

वेलोसिओ यांनी या सगळ्याला उत्तर दिलं ते सायकल चालवून. रात्र रात्र सायकल हाकत ते शेकडो किलोमीटर जात, आल्प्सचे घाट ओलांडत आणि परत येऊन मासिकात लिहीत. कोणत्या चढाला कोणता गिअर, काय खाल्लं, चेन कुठे त्रास देऊ लागली, सगळं. ते शाकाहारी होते, एस्परांतो भाषा शिकले होते. सायकलस्वारांसाठी त्यांनी काही नियमही सांगून ठेवले. भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं, हे त्यांतले दोन. आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नये. गिअरचं सगळं भांडण या एका नियमात आलं, असं मला वाटतं. लोकांना अडचण यंत्राची नव्हती, ऐटीची होती.

हाच प्रकार थोड्याच वर्षांत रिकम्बंट, म्हणजे मागे रेलून पाय पुढे करून चालवायच्या सायकलीच्या बाबतीत झाला. शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर फ्रान्सिस फोर यांनी 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये एका तासात 45.055 किलोमीटर कापून 1914 पासूनचा विक्रम मोडला. 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की ही सायकल तीत बसेना! रिकम्बंटवर चढाला उभं राहून पायडल मारता येत नाही, त्यामुळे गिअर नसेल तर संपलंच. तिची चेनही साध्या सायकलच्या दुपटीहून लांब असते आणि मधल्या पुलींवरून वळत जाते. म्हणून तिथे आवाज आला की आधी डिरेलर पिळत बसू नये, त्या पुली कोरड्या पडल्यात का, वाकड्या झाल्यात का ते पाहावं.

बाकी तपासणी सगळ्या गिअरच्या सायकलींना सारखीच. चेन शेवटच्या चक्राच्या बाहेर पडत असेल तर डिरेलरचे हद्द ठरवणारे दोन स्क्रू बघा. गिअर उशिरा पडत असेल तर केबलचा ताण बघा. चेन दातांवरून घसरत असेल तर पट्टी लावून मोजा. 24 कड्या मिळून बरोबर 12 इंच भरायला हव्यात. एक अष्टमांश इंच वाढली असेल तर ती चेन गेली, आणि बहुधा मागची चक्रंही घेऊन गेली.

27 फेब्रुवारी 1930 रोजी सेंट एतिएनच्या रस्त्यावर वेलोसिओ सायकल हातात धरून चालले होते. एका मोटारीला चुकवायला ते मागे सरले आणि ट्रामखाली सापडले. वय 76. आयुष्यभर घाट उतरताना ज्यांना काही झालं नाही, ते गेले पायी चालताना. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली 1937 साली, देग्रांज बाजूला झाल्यावर. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलर वापरून जिंकले. तो दिवस पाहायला वेलोसिओ नव्हते.

कोल द ला रेपुब्लिकच्या माथ्यावर त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या सन्मानार्थ सेंट एतिएनहून तो घाट सायकलने चढण्याचा कार्यक्रम 1922 मध्ये, ते हयात असतानाच सुरू झाला आणि त्यांच्यामागेही चालू राहिला. म्हातारे, पोरं, बायका, सगळे त्यात सामील होत. कोणी कोणता गिअर लावलाय, हे तिथे कोणी विचारत नसे.