शिडांच्या बळावर समुद्र राखणारे सरखेल

अंधेरीच्या पश्चिमेला वेसावे खाडीपलीकडे मढचा जुना पोर्तुगीज किल्ला उभा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत हा किल्ला आणि सारी साष्टी पोर्तुगिजांकडे होती, तर मुंबई बेट इंग्रजांकडे. या दोन्ही दर्यावर्दी सत्तांना कोकण किनाऱ्यावर जरब बसवली ती कान्होजींनी.

शिवछत्रपतींच्या सेवेतील तुकोजी आंग्रे यांचे ते पुत्र. १६९८ मध्ये मराठी आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढे बाळाजी विश्वनाथ यांच्या शिष्टाईने ते शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि त्यांचे सरखेलपद कायम झाले. आपल्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाजाने या किनाऱ्यावरून जाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. परंतु समुद्रावर असाच परवाना पोर्तुगीज कितीतरी आधीपासून सक्तीने देत आले होते.

कान्होजींचे सामर्थ्य होते गुराबा आणि गलबतांत. उथळ तळाच्या गुराबेवर दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि नाळेवर पुढे तोंड केलेल्या तोफा. गलबताचे मोठे शीड त्रिकोणी असे. वाऱ्याचा रोख पाहून ते फिरवता येई. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर गलबते जड गुराबांना ओढून नेत. चौकोनी शिडांची अवजड विलायती जहाजे वाऱ्याअभावी खोळंबत आणि उथळ खाडीत त्यांना शिरता येत नसे. नेमके हेच हेरून कान्होजी लढत.

१७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रजांनी केलेले हल्ले फसले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले, तेही विफल झाले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. पुढे त्यांच्या पुत्रांत दुफळी माजली. १७३९ मध्ये वेसाव्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला, तो चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत. मात्र १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांचा पाडाव केला. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले आणि परकीयांना समुद्रावर रोखणारी ताकद स्वकीयांच्याच साह्याने नष्ट झाली.

मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बंदरातून त्यांच्यावर चाल करणारी जहाजे निघत, तेथेच आज हे नाव सन्मानाने नांदते आहे.