अक्कलदाढ काढायची भीती वाटते? आधी होरेस वेल्सची गोष्ट वाचा

मागच्या महिन्यात इथे नागपुरात, धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझी खालची अक्कलदाढ काढायचं ठरलं. एक्स-रेत दाढ आडवी दिसत होती. आदल्या रात्री झोप येईना, म्हणून मोबाईल घेऊन बसलो. दाढ काढतानाचे व्हिडिओ बघून भीती आणखीच वाढली. शोधता शोधता एक नाव सापडलं, होरेस वेल्स. दात काढताना दुखू नये म्हणून या माणसानं आधी स्वतःचीच दाढ पुढे केली होती.

कोण होता हा वेल्स?

जन्म २१ जानेवारी १८१५, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. पुढे हार्टफर्ड शहरात तो दातांचा डॉक्टर झाला. तेव्हा सुन्न करायचं इंजेक्शन नव्हतंच. पेशंटनं खुर्ची घट्ट धरायची आणि सोसायचं.

१० डिसेंबर १८४४ ला तो गार्डनर कोल्टनचा खेळ बघायला गेला. तिथे लोकांना नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, हुंगवून गंमत दाखवायचे. गॅस घेतलेल्या एकाच्या पायाला चांगलंच लागलं, पण त्याला पत्ताच नाही! वेल्सनं हे बरोबर हेरलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं स्वतः गॅस घेतला आणि जॉन रिग्ज या डेंटिस्टकडून आपली अक्कलदाढ काढून घेतली. दुखलं नाही.

मग गडबड कुठे झाली?

जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला त्यानं सगळ्यांसमोर प्रयोग केला. गॅसची पिशवी जरा लवकर बाजूला झाली आणि पेशंट ओरडला. लोकांनी वेल्सला भामटा ठरवलं. फारसं दुखलं नव्हतं, असं पेशंटनं नंतर सांगितलं, पण ऐकतो कोण?

१६ ऑक्टोबर १८४६ ला त्याच शहरात त्याचा जुना भागीदार विल्यम मॉर्टन यानं ईथर वापरून यश मिळवलं आणि नाव त्याचं झालं. वेल्स खचला. स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता त्याचा तोल गेला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांवर ॲसिड फेकल्याबद्दल त्याला अटक झाली आणि २४ जानेवारी १८४८ ला तुरुंगातच त्यानं आयुष्य संपवलं. वय फक्त ३३. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं १८६४ मध्ये शोधाचं श्रेय त्याला दिलं.

आज आपल्याकडे कोणते पर्याय आहेत?

१. लोकल: लिग्नोकेनसारख्या औषधाचं इंजेक्शन. फोन चालू, फक्त एका ॲपचं नोटिफिकेशन बंद! दुखण्याचा सिग्नल मेंदूपर्यंत जात नाही. दाब मात्र जाणवतो. बहुतेक दाढा यातच निघतात.

२. लाफिंग गॅस: वेल्सचाच गॅस, पण आता ऑक्सिजन मिसळून देतात. भीती कमी होते, असर काही मिनिटांत उतरतो. सोबत लोकल लागतंच.

३. सिडेशन: शिरेतून औषध, गुंगी येते. घरी न्यायला कुणीतरी सोबत हवं.

४. जनरल: पूर्ण बेशुद्धी. अवघड केस असेल तर हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आधी किती तास उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतात.

कोणतं आजारपण, ॲलर्जी किंवा चालू गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

माझं काय झालं?

वेल्सची गोष्ट वाचून एक गोष्ट पक्की कळली. बोस्टनमध्ये औषध खोटं नव्हतं, असर नीट व्हायच्या आत काम सुरू झालं होतं. म्हणून खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांना सरळ सांगितलं की मला भीती वाटते, दुखलं तर हात वर करतो. इंजेक्शननंतर ओठ जड व्हायची वाट पाहिली. मध्ये एकदा चुणचुण झाली, हात वर केला. डॉक्टर थांबले, आणखी थोडं औषध दिलं आणि मग दाढ कधी निघाली ते कळलंही नाही. संध्याकाळपर्यंत ओठ सुन्नच होता, म्हणून चुकून चावू नये याची काळजी घेतली.

तुमचा नंबर लागला तर लाजू नका. हात वर करा.