१०० वॉटची अणुभट्टी होमी भाभांच्या काळात का उभारली गेली?

१९३९ मध्ये होमी भाभा केंब्रिजहून सुट्टीवर भारतात आले. महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले.

त्यांच्या नेतृत्वाखाली ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. डिझाइन आपलं, इंधन ब्रिटनचं.

१९६१ मध्ये आली 'झर्लिना'. शक्ती फक्त १०० वॉट, म्हणजे घरातल्या जुन्या बल्बाएवढी! मग उपयोग काय? मोठ्या अणुभट्टीत युरेनियमच्या कांड्या कशा आणि किती अंतरावर ठेवायच्या, हे आधी इथे तपासता यायचं. शक्ती कमी असल्याने मांडणी पुन्हा पुन्हा बदलणं सोपं जायचं.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले. वय अवघं ५६. तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये आली. ती पाहायला ते नव्हते.