एक्सप्लेनर : ‘अंगणवाडी’ हा शब्द आला कुठून? ताराबाई मोडक यांची गोष्ट

करी रोड परिसरात मूल नर्सरीत असलेल्या पालकांना हे फर्मान ओळखीचं आहे. सोमवारी ‘यलो डे’, पिवळे कपडे घाला. शुक्रवारी ‘फ्रूट डे’, चार्ट पेपरवर आंबा आणा. मग रात्री नऊला स्टेशनरीच्या दुकानात धावपळ. याला हल्ली ‘थीम लर्निंग’ म्हणतात. एक विषय धरायचा आणि गाणी, गोष्टी, मोजणी, चित्रं त्याभोवती गुंफायची.

कल्पना चांगली आहे, पण ती महाग असलीच पाहिजे असं नाही. शिंपले, बिया आणि काटक्यांवर अशी बालशाळा उभी करणाऱ्या ताराबाई मोडक यांचं एक काम करी रोडपासून अवघ्या दोन स्टेशनांवर, दादरला चालायचं.

कोण होत्या ताराबाई?

जन्म १८९२ चा. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बीए झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या महिला प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

पद मोठं होतं. तरी ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. प्राचार्यपद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसायचं, हा निर्णय आजही अनेकांना वेडेपणा वाटेल! वकिली सोडून शिक्षणात आलेले गिजुभाई मॉन्टेसरी पद्धत भारतीय मुलांसाठी वापरून पाहत होते. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत परतून ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

अडचण काय होती?

दादरच्या शाळेत येणारी मुलं मुख्यतः मध्यमवर्गातली. मॉन्टेसरीचं लाकडी साहित्य महाग, आणि बालशिक्षण म्हणजे शहरी, पैसेवाल्यांची चैन असा समज. गरिबाच्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता.

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गाव समुद्रकाठचं, त्यामुळे शिंपले फुकट. बिया, पानं, खडे, काटक्या हेच मोजायचं, जुळवायचं, रचायचं साहित्य झालं. पानांचे आकार, बियांचे रंग, लहान-मोठं, हलकं-जड असं सगळं मुलांच्या हातात आलं. त्याआधी आंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं; तोही शिक्षणाचाच भाग होता.

मग अंगणवाडी कशी निघाली?

बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. ताराबाईंनी उत्तर उलटं काढलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जायचं. साहित्य उचलायचं आणि वस्तीतच वर्ग भरवायचा. हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. इथली वारली मुलं गुरं राखायची. मग शाळा कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ झाली. गुरं चरत असताना गाणी, गोष्टी, मोजणी चालायची. थीम शोधायला जावं लागत नव्हतं. झाड, पाऊस, गाय समोरच होती.

पुढे काय झालं?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेलं.

नाव गेलं, पण त्यातलं शिक्षण मागे पडलं. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा सहा सेवा आहेत आणि पूर्वप्राथमिक शिक्षण त्यातली फक्त एक. त्यामुळे अंगणवाडी म्हटलं की आजही अनेकांना आधी खिचडी आठवते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. कोसबादचं काम ताराबाईंनंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, चालवलं.