श्रीचोखोबाराय व त्यांचे घर

पंढरीस महाद्वारी नामदेवरायांची पायरी, आणि तिच्या समोरच श्रीचोखोबारायांची समाधी. तिच्यापुढे माथा टेकूनच वारकरी राउळात जातो. पण भाविकहो, ज्यांची समाधी दारात आहे, त्यांना जिवंतपणी ते दार मोकळे नव्हते. हे ध्यानी धरूनच त्यांचे चरित्र ऐकावे.

चोखोबा जातीने महार, राहणे मंगळवेढ्यास. मेलेली ढोरे ओढायची, वेठीला जायचे, उष्ट्यावर पोट भरायचे, आणि वर कोणाला शिवायचे नाही, ही तेव्हाची रीत. नामदेवरायांच्या संगतीने विठ्ठलाचा छंद लागला, मुखातून अभंग निघाले. देवळात जाता येईना, तेव्हा चंद्रभागेच्या पैलतीरी दीपमाळ उभारली आणि तेथूनच कळसाला हात जोडले. खुद्द विठ्ठलाने हात धरून आत नेले, तरी मार चोखोबांच्याच पाठीवर पडला, अशी कथा आहे.

ज्याला गावाने बाहेर ठेवले, त्याने गावाला काय उत्तर द्यावे? या एकाच घरात निरनिराळी उत्तरे सापडतात. चोखोबांनी कोठे हा पूर्वजन्मीचा भोग म्हणून मान लवविली, तर कोठे वरच्या रूपाला भुलणाऱ्यांना अंतरीचा भाव पाहा म्हणून बजावले. बहीण निर्मळा व मेहुणे बंका नामाला धरून राहिले. पत्नी सोयराबाईंनी विटाळाचे मूळच उकरले. विटाळावाचून देह उपजतच नाही, तर मग सोवळा कोण उरला? आणि मुलगा कर्ममेळा? त्याने हीन जन्माबद्दल व उष्ट्या अन्नाबद्दल थेट देवालाच दोषी धरले.

आम्ही कित्येक वर्षे कीर्तनात चोखोबांचे दैन्य तेवढे रंगवले. श्रोत्यांचे डोळे पाणावत, आम्हांसही बरे वाटे. कर्ममेळ्याचा अभंग मात्र आम्ही टाळत आलो. दुसऱ्याचे दैन्य ऐकणे सोपे, त्याने विचारलेला जाब ऐकणे कठीण! अलीकडे आम्ही तो निरूपणास घेतो. मंडप गप्प होतो. होऊ द्यावा.

शके 1260, म्हणजे सन 1338 मध्ये, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसह तिच्याखाली गेले. ज्या कुसाबाहेर जन्म काढला, तेच बांधताना देह ठेवला. नामदेवरायांनी, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या ओळखून पंढरीस आणल्या, असे संप्रदाय मानतो.

दार उघडायला त्यानंतर सहाशेंहून अधिक वर्षे गेली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कोठे मंदिर हरिजनांना खुले झाले. डॉ. आंबेडकरांनी 1948 मध्ये अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार व रविदास यांच्यासह चोखोबांच्या स्मृतीस वाहिला, आणि 1956 मध्ये लाखो बांधवांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. चोखोबांचा आदर ठेवूनही त्यांनी वाट वेगळी धरली. त्यांना नावे ठेवण्याआधी, दार इतकी वर्षे कोणी लावून धरले होते, हे आपण आपल्याशी विचारावे.

पुढच्या वारीला समाधीपुढे वाकाल, तेव्हा पित्याबरोबर त्या लेकाचेही स्मरण करा.