पोलिश मुलांचे बापू

मैत्रिणींनो, जयसिंगपूरहून रेल्वेने कोल्हापूरला जाताना रुकडीनंतर वळिवडे लागतं. १९४३ ते ४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहायचे, हे तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. पण त्यातल्या काही मुलांना आधी सांभाळलं जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी. क्रिकेटवाल्या रणजींचे हे पुतणे. जन्म १८९५चा, गादीवर आले १९३३ला.

सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं १९४२मध्ये तिथून सुटली. बरीचशी खचाखच भरलेल्या जहाजांतून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. उपासमार, तापाची साथ... कित्येक लेकरांची आई वाटेतच गेली. काही मुलं ट्रकमधून, वाळवंट तुडवत भारतात आली. त्यांना जामसाहेबांनी बालाचडीला, समुद्रकाठी आसरा दिला. एकूण हजारभर मुलं! आपल्याला बापू म्हणा, असं त्यांनीच सांगितलं. पालकाची भाजी नको म्हणून पोरांनी संप केला, तर बापूंनी म्हणे स्वयंपाक्याला पालक करायचाच नाही असं बजावलं. (आपण असतो तर पाठीत धपाटा!)

१९४६ला बालाचडीची छावणी बंद झाली आणि उरलेली मुलं आपल्या वळिवड्याला आली. बापू १९६६ साली वारले. पोलंडमध्ये, वॉर्सात, त्यांच्या नावाची शाळा आहे.